शिवलेल्या तोंडाचा शंख

कोकणातलं माणूस यवतमाळ जिल्ह्यात कशाला जाईल, हा प्रश्न मला बोटीत चढताना धक्क्यावरच्या हमालानं विचारला आणि परत आल्यावर शाळेतल्या प्रत्येकीनं विचारला. तिकडे समुद्र नाही, थंड हवेचं ठिकाण नाही, आमच्या माहितीतलं देवस्थान नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना यवतमाळ नागपूरच्या अलीकडे की पलीकडे हेसुद्धा सांगता यायचं नाही. जाण्याआधी मलाही सांगता आलं नसतं. प्रत्येकीला वेगळं उत्तर देऊन माझं तोंड दुखलं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते.

मी गेले ते माझ्या वहिनीला बघायला. 'बघायला' हा शब्द आईचा, आणि त्याचा अर्थ साधा नव्हता.

माझा दादा बंदरावर कारकून होता. त्याला नाद एकच. अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी लागली की हा खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या उघड्या पडलेल्या खडकांत, उतरणार आणि शंखशिंपले घेऊन येणार. मुलीसाठी, सुमीसाठी आणतो म्हणे. पण सुमी जन्मायच्या आधीही त्याचे खिसे वाळूनं भरलेलेच असत. असाच एकदा तो खडपातून आला तो मांडी चोळत. 'शंखान चावल्यान माका,' म्हणाला. त्यानं एक नक्षीदार शंख खिशात घातला होता, तो टोचला म्हणून समुद्रात भिरकावून दिला म्हणे. मी शाळेत शिकवायला गेले होते. घरात आई, वहिनी आणि सुमी. शंख चावतो हे कोण ऐकून घेणार? दादा जेवायला बसला. भात आणि तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं, वहिनीच्या हातचं. पानावरून उठेपर्यंत त्याचे ओठ बधिर झाले. मग जीभ जड झाली, पापण्या मिटायला लागल्या, आणि तालुक्याचा डॉक्टर येईपर्यंत श्वास थांबला. अंगावर सूज नाही, रक्त नाही. मांडीवर बारीक ठिपका असेल तर कोणी पाहिला नाही. खडपात हिंडणाऱ्या माणसाच्या पायांवर नाहीतरी ओरखडेच ओरखडे असतात. डॉक्टर म्हणाला, 'विषबाधा दिसते.'

पोलीस येऊन गेले, काही निघालं नाही. आईच्या मनातून मात्र तो शब्द निघाला नाही. आदल्याच दिवशी वेगळं बिऱ्हाड करण्यावरून सासू-सुनेची खडाजंगी झाली होती. वहिनी रत्नागिरीकडची, शुद्ध बोलणारी. आईच्या लेखी हाही तिचा एक दोष होताच. दादाची जीभ जड झाली तेव्हापासूनच आईनं तिला त्याच्या अंगाजवळ फिरकू दिलं नाही. दिवस झाल्यावर तिचा भाऊ दत्ताराम येऊन तिला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीला घेऊन गेला, आणि सुमीला आईनं ठेवून घेतलं. विष घालणाऱ्या हातात नात द्यायची नाही, असं तिनं साऱ्या वाडीला ऐकवून सांगितलं.

या सगळ्यात वहिनीनं एकदाही 'मी काही केलं नाही' असं म्हटलं नाही. मला छळत होतं ते हेच. जिनं केलं नाही ती गप्प का बसेल?

सुमी मोठी होत गेली आणि झोपेत आईला हाका मारू लागली. दिवाळीची सुटी लागायच्या सुमारास आई मला म्हणाली, "तू जा. तिच्या डोळ्यांत बघ. तुझा मन साफ झाला तर पोराक नेऊन घालूया. नाय झाला तर पुन्हा तिचा नाव काढू नको." म्हणजे निकाल मी द्यायचा. चौथीच्या मुलींचं शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईनं!

मूर्तिजापूरपासून पुढे

बोट, मुंबई, मोठी गाडी हे सारं मी गाळते. त्यात घामाशिवाय काही नव्हतं. मूर्तिजापूरला छोटी गाडी मिळाली तेव्हा कुठे मला प्रवासाला निघाल्यासारखं वाटलं. ही गाडी इतकी सावकाश जाते की बाजूच्या शेतातल्या माणसाशी सुरू केलेलं बोलणं पुरं करता येतं. माझ्या डब्यातल्या एका आजोबांनी ते केलंही. त्यांनी खिडकीतून एकाला बैलाचा भाव विचारला, आणि उत्तर नीट ऐकू आलं.

बाहेर काळी जमीन पसरली होती. आमच्या लाल मातीची माझ्या डोळ्यांना सवय. ही जमीन मला आधी जळल्यासारखी वाटली. मग तिच्यावर कापूस दिसायला लागला आणि मी माझं मत बदललं. बोंडं फुटून लोंबत होती, बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या, मधूनमधून तुरीला पिवळा फुलोरा आला होता. मी सारखी पुढे बघत होते, आता हे उतरत जाऊन कुठेतरी पाणी लागेल म्हणून. समुद्राकाठच्या माणसाची ही खोड. जमीन उतरायला लागली की त्याला पुढे समुद्रच असणार असं वाटतं. इथे उतार संपला की पुढे नुसता चढ.

यवतमाळहून घाटंजीच्या मोटारीत माझी फजिती झाली. वहिनीसाठी मी सुकट, कोकमाची सोलं आणि सुके बांगडे घेतले होते. मोटार सुटून थोडी गरम झाली तशी पिशवीनं आपली ओळख द्यायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरचे पागोटेवाले गृहस्थ वळून म्हणाले, "बाई, तुमच्या पिशवीत काय मेलं हाय?"

"मासे आहेत. सुके," मी म्हटलं.

"मंग ते टपावर ठेवा ना. इथं जिते मानसं मरून राह्यले!"

सगळी मोटार हसली. कंडक्टरनं गाडी थांबवली, पिशवी दोन बोटांत धरून वर नेली आणि सरकीच्या पोत्यांत ठेवली. ते गृहस्थ मग फार मोकळे झाले. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, का लोक उगाच सांगतात, असं त्यांनी मला विचारलं. मी खारट असतं म्हटलं. "मंग मासे अळणी काहून राह्यतेत?" म्हणाले.

घाटंजी

दत्ताराम कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होता. लग्न केलेलं नव्हतं, स्वभावानं अबोल, कपड्यांना सदा तेलाचा आणि सरकीचा वास. त्याच्या दोन खोल्यांच्या दारात वहिनी उभी होती. ती वाळली होती, आणि उन्हानं रापली होती. मी आईच्या सांगण्याप्रमाणे तिच्या डोळ्यांत बघायचं ठरवून आले होते. प्रत्यक्षात तिनं "वन्सं, किती दमलात," म्हणून माझी पिशवी घेतली आणि माझीच नजर खाली गेली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो सुमीचा. दात पडले का? कुठले? पुढचे की बाजूचे? मी सांगत गेले आणि ती नुसती ऐकत राहिली.

पुढचे दोन-तीन दिवस मी गाव बघत हिंडले. इकडचं जेवण तिखट म्हणजे काय तिखट! भाजीवर तेलाची लाल तर्री तरंगते, आणि तिच्याखाली वांगं आहे की बटाटा ते घास घेतल्यावरच कळतं. पिठल्याला बेसन म्हणतात. भात सणाला. भाकरी कणाकणानं मोडून खायची माझी रीत बघून शेजारीण म्हणाली, "बाई, तुम्ही भाकर खाऊन राह्यल्या का तिले भिऊन राह्यल्या?" मी खरोखरच भीत होते, माझ्या दाढा भातावर वाढलेल्या. पण अंबाडीची भाजी मला इतकी आवडली की तिचं बी मी पदराच्या टोकाला बांधून आणलं आहे. आमच्या पावसात ते टिकेल असं वाटत नाही.

आठवड्याच्या बाजारात शेतमजूर बायका, मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी, आणि या सगळ्यांत आरशांनी चमकणाऱ्या घागऱ्यांच्या बायका दिसल्या. हे तांड्यावरचे लोक. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर हिंडत, आता आपापल्या वस्तीवर शेती करतात. आपसात त्यांची वेगळी बोली, आणि बाहेरच्यांशी वऱ्हाडी.

या सगळ्या हिंडण्यात मी मूळ कामाला बगल देत होते हे मला समजत होतं. मग एका दुपारी ते आपोआप निघालं. वहिनी सुकट निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तिसऱ्या नाही ना आणल्यात?"

"नाही. त्या सुकवून कोण आणणार? का?"

"काही नाही." सूप पाखडत ती म्हणाली, "माझ्याच हातचं खाऊन गेले ते, वन्सं."

हे काय होतं? कबुली? मी 'म्हणजे काय' असं विचारणार तेवढ्यात ती सूप उचलून मागच्या दारी गेली. आईचं खरं निघालं तर सुमीला काय सांगायचं, याची वाक्यं मी त्या दुपारी मनाशी जुळवायला लागले होते. एकही जुळलं नाही.

तांडा

जिनात कापूस घेऊन येणारा रामसिंग हा दत्तारामचा दोस्त. त्याचा बाप तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. पाडव्याला तो आपली बंडी, म्हणजे बैलगाडी, जुंपून आम्हाला न्यायला आला. "मास्तरीणबाई, चाला. ताईलेही घ्या. आमची याडी वाट पाहून राह्यली." याडी म्हणजे आई. वहिनी जायला तयार होईना. आमच्याकडे पाडव्याच्या दिवशी विधवेला कोणी बोलावत नाही, आणि तीही कुठे जात नाही. रामसिंगला ही अडचण समजेचना. शेवटी तो म्हणाला, "ताई, आमच्या इथं तं पाडवा मेलेल्यायचाच सन हाय पहिले. मंग जित्यायचा." या विचित्र आमंत्रणाला वहिनीनं होकार दिला.

दत्तारामला जिनात काम निघालं, म्हणून आम्ही दोघीच गेलो. वाट सागाच्या रानातून होती. पानं वाळून खडखडत होती आणि बंडीच्या प्रत्येक आचक्याला मी देवाचं नाव घेत होते. तांडा एका टेकाडावर, कुडाची सारवलेली घरं, मध्ये मोकळं अंगण. तिथे एक पांढरा बैल सजवून उभा केला होता. पूर्वी माल लादून तांडा चालायचा तेव्हा त्याच्या पुढे असाच एक बैल असे. त्याच्यावर कधी ओझं लादत नसत. आता लादायचं काही उरलं नाही, तरी बैल ठेवतात. त्याच्या कपाळावर लाल कापडाची पट्टी होती, तिच्यावर कवड्या, आणि कवड्यांच्या बरोबर मध्ये एक शंख.

मी समुद्राकाठची. बाकीच्यांनी बैल बघितला, मी शंख बघितला. बोटभर लांबीचा, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळता, हस्तिदंती रंगावर तपकिरी जाळीचं काम. झिजून फिका झालेला, तरी नक्षी ओळखू येत होती. आमच्या वाडीतली मुलं याला छिटाचा शंख म्हणतात. समुद्र इतका दूर, आणि हा इथे बैलाच्या कपाळावर! मला गावाकडचं कोणी भेटल्यासारखं झालं. जवळ गेले तेव्हा दिसलं की शंखाची लांब, अरुंद फट कापडाच्या पट्टीनं झाकून लाल दोऱ्यानं घट्ट शिवून टाकलेली होती. मी हात पुढे केला.

"हात नको लावू!" मागून माझ्या मनगटावर चापटच बसली. रामसिंगची याडी होती. कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर गोंदण, आणि डोळे भलते तीक्ष्ण. "तोंडाकून नको धरू त्याले. चावते."

मला हसू आलं. तो शंख तिच्या पणजोबांच्याही आधी मेला असणार. मग ती काय म्हणाली ते माझ्या ध्यानात आलं आणि हसू तिथेच विरलं. वहिनीनंही ते ऐकलं होतं. ती बंडीजवळ होती तिथेच खिळून उभी राहिली.

मी विचारणार तोच याडीला हाक आली आणि ती चुलीकडे गेली. अंगणात निखारे काढून ठेवले होते. गुळाची लापसी आणि तूप घेऊन ती त्यांच्यापुढे बसली, घरचे सगळे मागे उभे राहिले. एकेक घास निखाऱ्यांवर ठेवायचा आणि घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, अशी रीत. आमच्याकडेही पितरांना वाढतात, पण आमचे भटजी भराभर मंत्र म्हणतात आणि आपलं लक्ष पानातल्या वड्यांवर असतं. इथे म्हातारी सुरात म्हणत होती, सावकाश. बोली मला कळत नव्हती. रामसिंग माझ्या कानाशी अर्थ सांगत होता.

"हा गोपा, याच्यावर वीज पडली. ही रूपली, बाळंतपनात गेली. हा धनसिंग, याले वाघानं नेलं." घास पडत होते, तूप चरचरत होतं. "हा थावरा. याले शंखानं मारलं."

माझ्या तोंडून 'दादा' असा शब्द निघाला. मोठ्यानं निघाला असावा, कारण याडी थांबली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगत सुटले. कसं सांगितलं, काय आधी आणि काय नंतर, मला आठवत नाही. मुलींनी असा निबंध लिहिला तर मी नापास करीन. खडप, खिसा, मांडी, ओठ, जीभ. रामसिंग याडीला त्यांच्या बोलीत सांगत गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग निखाऱ्यांपासून न उठताच ती आमच्याकडे वळली आणि थावराची गोष्ट तिनं आम्हाला कळेल अशा भाषेत सांगितली.

"आमचे लोक लादून कोकनात जात. इकून धान्य, तिकून मीठ. थावरानं मिठाच्या पान्याजवळ हा शंख उचलला, बायकोसाठी. कमरेले खोचला. चावला म्हने. सगळे हासले. रातच्याले बायकोनं भाकर देली, ते खाल्ली, अन् ओठ बधिर झाले. जीभ जड. पापन्या पडल्या. पन ऐकू येत होतं त्याले, बायकोचा हात दाबून राह्यला होता. रगत नाही, सूज नाही. गेला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? बायकोलेच धरलं तांड्यानं. भाकरीत काय घातलं म्हने." म्हातारीनं हे अगदी सहज सांगितलं. "बांधून ठेवलं तिले. मंग थावराले उचलाले एक जन वाकला, त्याच्या कमरेचं सोडाले गेला, तं सगळ्यायच्या समोर त्यालेही त्या शंखानं मारलं. त्याचेही ओठ बधिर, जीभ जड. तो वाचला. म्हनून समजलं. नाही तं तिले जित्ती ठेवली नसती."

त्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी केल्या. शंखाचं तोंड शिवलं आणि तो सगळ्यांना दिसेल असा पुढच्या बैलाच्या कपाळावर लावला. आणि मेलेल्याचं नाव घ्यायचं ते तो कशानं मेला हे सांगूनच घ्यायचं. नुसतं नाव नाही. मी कारण विचारलं तेव्हा याडी म्हणाली, "कारन नाही सांगतलं तं दोष घरच्या बाईवर येते. दुसरं कोन सापडते?"

आमच्या घरात दादाचं श्राद्ध दरवर्षी होतं. त्याचं नाव, गोत्र, बापाचं नाव, आजोबांचं नाव, सगळं उच्चारतात. तो कशानं गेला हे कोणी म्हणत नाही. मला तेव्हा याडीचा हेवा वाटला, आणि आईचा फार राग आला. आता लिहितानाही येतो आहे.

वहिनी अजून बंडीजवळच उभी होती. मला वाटलं होतं की हे ऐकून ती सुटेल. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "तिसऱ्या नव्हत्या, वन्सं?"

"काय?"

"मला वाटलं तिसऱ्यांत काही होतं. एखादी मेलेली शिजवली असेन. मीच निवडल्या होत्या ना. इतकी वर्षं मी एकेक तिसरी आठवून बघतेय."

म्हणजे म्हणून ती गप्प होती! आईनं तिच्यावर जो आळ घेतला त्याहून मोठा तिनं स्वतःवर घेतला होता, आणि नाकारायला तिच्याकडे काहीच नव्हतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "नव्हत्या तिसऱ्या. ऐकलंस ना? नव्हत्या."

"ऐकलं," ती म्हणाली. "पण मग ते सांगत होते ते खरं होतं. परत परत सांगत होते. आणि मी म्हटलं, 'शंखाचं कौतुक पुरे, जेवा मुकाट्यानं.' त्यानंतर त्यांना बोलता आलंच नाही. ऐकू येत होतं म्हणते ना ती? मग आई मला त्यांच्याजवळून ओढत होत्या तेही त्यांनी ऐकलं."

एक ओझं उतरलं आणि त्याच्या खाली दुसरं निघालं. मला रडू आलं. वहिनीला आलं नाही.

याडी उठली, ताट घेऊन आमच्याजवळ आली आणि वहिनीला विचारलं, "तुझ्या मानसाचं नाव काय?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतील, एरवी जीभ वळत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण म्हातारीनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती वहिनीसाठी थांबली होती. अंगणातले सगळे थांबले होते. लापसी निवत होती, पण कोणी घाई केली नाही.

"मुकुंद," वहिनी म्हणाली.

याडीनं तिला निखाऱ्यांपाशी नेलं, तिच्या हातात घास दिला आणि सुरात म्हणून दाखवलं. वहिनीनं घास ठेवला आणि स्पष्ट आवाजात मराठीत म्हटलं, "हे मुकुंद. यांना शंखानं मारलं." मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी कसलासा हुंकार दिला, जसा थावराला दिला होता तसाच. मग म्हातारीनं वहिनीच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्यानं, गाण्यासारखं रडायला सुरुवात केली. तिच्या सुनांनी दुसरा सूर धरला. मी यापूर्वी असं रडणं ऐकलं नव्हतं. त्यात शब्द होते, ताल होता, आणि मध्येच दादाचं नाव ऐकू येत होतं, त्यांच्या उच्चारात. वहिनी बराच वेळ त्या म्हातारीच्या मिठीत ताठ उभी होती. मग तिनं म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तीही रडू लागली.

नंतर आम्हाला जेवायला बसवलं. बोकडाचं मटण होतं, त्याच्या रक्ताचा एक पदार्थ होता, त्याला मी हात लावायला धजले नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. वहिनीनं मात्र मागून घेऊन खाल्लं. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि पान स्वच्छ.

परतताना

मी मास्तरीण आहे. एका गाण्यावर विश्वास ठेवून घरी कसं जायचं, हा विचार मला छोट्या गाडीत छळायला लागला. मला ते खरं हवं होतं, आणि हव्या असलेल्या गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. म्हणून मुंबईत मैत्रिणीकडे उतरले तेव्हा तिच्या यजमानांना विचारलं. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी कपाटातून तसाच एक शंख काढला, चकचकीत, कालच विणल्यासारखी जाळी. हा शिकारी प्राणी आहे म्हणाले. दिवसा वाळूत पुरून घेतो, अंधार पडला की निघतो आणि दुसऱ्या गोगलगायी मारून खातो. याच्या भाऊबंदांतले काही तर मासे मारतात. पळता येत नाही, म्हणून विष बाळगतो. निमुळत्या टोकाकडून सोंड निघते आणि तिच्यातून सुईसारखा पोकळ दात सुटतो. तो दात त्यांनी मला भिंगाखाली दाखवला. याच्या सगळ्याच जाती माणसाला मारत नाहीत. पण मेलेली माणसं आहेत, आणि ती अशीच जातात, ओठांपासून सुरुवात होऊन.

"पण तो माणसाच्या अंगावर येत नाही हं," ते म्हणाले. "माणूस त्याचं खाणं नव्हे. उचलून खिशात घातलं की तो घाबरतो."

मी त्या शंखाचा द्वेष करायला गेले होते, तेवढंही मला जमलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर सोलांना ऊन दाखवत होती. सुमी शाळेत होती. मी सगळं सांगितलं. तांडा, बैल, थावरा, त्याची बायको, तिसऱ्या, भिंगाखालचा दात. आईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात घडत नाही. सांगून झालं तरी ती सोलं उलटीसुलटी करत बसली. मला वाटलं, तिला पटलेलं नाही. भांडायची तयारी मी बोटीतच करून ठेवली होती.

"थंडी खूप पडता काय गो तिकडे?" तिनं विचारलं.

"पहाटे पडते. दात वाजतात," मी म्हटलं.

आई हात पुसून आत गेली. दादाची पेटी उघडल्याचा आवाज आला. ती पेटी तो गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. बाहेर आली ती त्याचे सदरे घेऊन. उंबऱ्यावर बसून तिनं पहिल्या सदऱ्याची शिवण उसवायला घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "सुमीक तिकडे ल्हानशीच वाकळ पुरात, पण दोन पदरी करूया."